भुवईतली फट

बथशेबा आपटेकरच्या जिभेला हाड नव्हतं, हे पनवेलच्या त्या गल्लीत भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या सुनीताबाई एकदा नवी साडी नेसून दारात आल्या आणि हौसेनं म्हणाल्या, "कशी दिसते हो?" बथशेबानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "छान आहे. घडीत असताना जास्त छान दिसली असेल." सुनीताबाईंनी ती साडी बहिणीला देऊन टाकली म्हणे. बथशेबाला हे कळलं तेव्हा ती दिवसभर खुशीत होती.

पण हात मात्र गुणाचा. तिचा नवरा इसाजी ठसे कोरायचा. कसले ठसे, तर बायका पर्समध्ये पावडरीची चपटी डबी बाळगतात ना, त्या डबीतल्या पावडरीवर उठवायचे. डबी उघडली की आत कमळ असतं, वेल असते, मोर असतो. आपण "अय्या, किती सुंदर!" म्हणतो आणि पहिल्याच फटक्यात पफ घासून मोराची मान उडवतो. तो मोर पावडरीवर आपोआप बसत नाही. कुणीतरी तो आधी पितळेत कोरलेला असतो, उलटा आणि खोल. मग त्या पितळेखाली पावडर दाबायची, की मोर सुलटा होऊन वर उठतो. कारखान्यात हे काम यंत्रं भराभर करतात, पण ठसा नीट उतरलाय की नाही हे आधी हातानं दाबूनच बघावं लागतं. ते बघायचं काम बथशेबाचं. तळमजल्यावरच्या खोलीत खिडकीशी इसाजीचं टेबल होतं आणि भिंतीशी तिचा हातानं चालवायचा प्रेस. पावडर चाळायची, तिच्यात तेलाचे चार थेंब मुरवायचे, पत्र्याच्या छोट्या थाळीत भरायची, वर तलम कापड अंथरायचं म्हणजे पावडर पितळेला चिकटत नाही, आणि मग प्रेसचा दांडा ओढायचा. जोर कमी पडला तर डबी जरा आपटली की भुगा. जास्त झाला तर पावडर दगड होऊन बसते, कितीही घासा, पफला कणसुद्धा लागत नाही. बथशेबाचा जोर कधी चुकायचा नाही. संसारातही ती कुठे किती दाबायचं ते बरोबर ओळखून होती.

तिला फक्त कोरलेलं वाचता यायचं नाही. इसाजीच्या हातातल्या पितळेकडे बघितलं तर तिला नुसते खड्डे आणि ओरखडे दिसायचे. पावडर उठली, कापड काढलं, की मगच कळायचं यानं काय केलंय ते.

इसाजी साठीचा, सडपातळ, मुखदुर्बळ माणूस. पनवेलमध्ये आता बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, घरं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. बाकीची इस्राएलला गेली, यांचा मुलगा नोमसुद्धा गेला. इसाजी गेला नाही. का नाही, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही आणि बथशेबानं विचारलं नाही. तो तिला कधी वाकडं बोलला नाही. खरं म्हणजे तो तिच्याशी फारसं बोललाच नाही. "जेवण झालं?" "पितळ आलं का?" "शब्बाथ लागायची वेळ झाली, दिवे लाव." अशा वाक्यांवर त्या दोघांची तीसेक वर्षं निघून गेली होती, आणि गल्लीत लोक त्याला देवमाणूस म्हणायचे.

त्याचा एक नेम होता. माणसाचा चेहरा कोरायचा नाही. पाना-फुलांत, पक्ष्यांत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण कुणी राणी मागितली, नटी मागितली, की तो मान हलवायचा. "आमच्यात चेहरा कोरत नाहीत. देवाची आज्ञा आहे, मूर्ती करू नये." एवढंच. मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो, गेलं तर गेलं. बाकी कशातही तो गिऱ्हाइकापुढे शब्द काढायचा नाही. पाकळी लहान करा म्हटलं की लहान, मोठी करा म्हटलं की मोठी.

घरात तिसरं माणूस होतं मैना, बथशेबाची धाकटी बहीण. जन्मभर बिनलग्नाची राहिली, एका कचेरीत टायपिंग करून एकटी जगली, आणि दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन डाव्या अंगानं पडली. डावा हात गेला, डावा गाल ओघळला, बोलणं जड झालं. बथशेबा तिला आपल्या घरी घेऊन आली. सणाला चाकाच्या खुर्चीतून प्रार्थनेला न्यायची, तेव्हा सगळे म्हणायचे, बहीण असावी तर अशी. मागच्या खोलीत काय चालायचं ते बघायला कुणी येत नव्हतं. आंघोळीचं पाणी एकतर चटका बसेल इतकं गरम नाहीतर बर्फासारखं गार. केस विंचरताना फणी गुंत्यात अडकली की गुंत्यासकट ओढायची. आणि मैनानं "आई गं" म्हटलं की वर विचारायची, "तोंड कशाला वाकडं करतेस?" त्या वाकड्याच तोंडाला!

का, तर सांगतो. मैना लहानपणापासून देखणी. बथशेबा काळीसावळी, हाडापेरानं रुंद. मैना सात वर्षांची असताना पाहुण्यांनी तिला मांडीवर घेऊन गाल ओढले, तेव्हा दहा वर्षांच्या बथशेबानं चुलीजवळची पळी उचलून फेकली होती. पळी मैनाच्या डाव्या भुवईवर लागली. जखम भरली, पण तिथे केस उगवले नाहीत. भुवईत बारीक फट राहिली ती कायमची. गंमत अशी, की त्या फटीनं मैना आणखीच देखणी दिसायला लागली.

पुढे आपटेकरांच्या मुलाचं स्थळ आलं. इसाजी आणि त्याचा काका घरी आले, दोघी बहिणींनी चहा-पोहे नेले. मग मैनाला शेजारी पिटाळलं आणि बथशेबा दाराआड उभी राहिली. काका म्हणाला, "मुलाला धाकटी पसंत आहे." बाबा म्हणाले, "मोठी घरात असताना धाकटी उजवत नाहीत आमच्यात. करायची तर मोठी करा." दाराच्या फटीतून बथशेबाला इसाजी दिसत होता. त्याची मान खाली होती, आणि तशीच खाली ठेवून त्यानं ती होकारार्थी हलवली. बथशेबा हे सगळं गिळून बोहल्यावर चढली. मैनाला यातलं अक्षर माहीत नव्हतं. ती करवली म्हणून मिरवत होती.

आणि त्यानंतर दोन वर्षांनी मैनाला पेणचं स्थळ आलं, मुलगा चांगला होता. मुलाच्या आईनं बथशेबाला बाजूला घेऊन विचारलं, "मुलगी कशी आहे हो? तुम्ही सख्खी बहीण, तुम्ही सांगा." बथशेबा म्हणाली, "सोन्यासारखी आहे. फक्त कधीतरी फिट येते, तेवढं सांभाळायचं." मैनाला जन्मात फिट आली नव्हती. पण समाज एवढासा, शब्द फिरायला वेळ लागत नाही. पेणची माणसं परत आली नाहीत आणि त्यांच्यामागून दुसरीही कुणी आली नाहीत. मैना देखण्या चेहऱ्यानिशी घरात बसून राहिली. आपल्याला का नाकारतात ते तिला कळलं नाही, आणि विचारणार कुणाला, तर ताईला.

असं हे घर. इसाजी मैनाच्या खोलीत क्वचितच पाऊल टाकायचा. दारातून "बरं आहे ना?" म्हणायचा आणि वळायचा. आजारपणाची किळस येते त्याला, असं बथशेबानं धरून चाललं होतं आणि तिला त्यात मोठं समाधान होतं.

यंदा खारघरहून सत्यजीत नावाचा तरुण आला. त्याची सौंदर्यप्रसाधनांची नवीनच कंपनी होती, आणि तो बसायच्या आधी बोलायला लागायचा.

"काका, वेडिंग सीझनला कॉम्पॅक्ट लॉन्च करायचाय. आत ब्राइडचा फेस हवा. नथ, चंद्रकोर, मुंडावळ्या, एकदम मराठमोळी. होईल ना?"

बथशेबा पावडर चाळत होती. आता हे मान हलवणार, हा पोरगा निघणार, आणि आपण चहा वाचवला, असा तिनं हिशोब केला. इसाजीनं खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाला, "करतो."

तिच्या हातातली चाळणी थांबली. सत्यजीत गेल्यावर तिनं विचारलं, "अहो, चेहरा? आणि तुमची आज्ञा?"

"पावडरीतला आहे," इसाजी म्हणाला. "चार दिवसांत पुसला जातो. पुसला जाणाऱ्याला मूर्ती म्हणत नाहीत."

एवढा मोठा खुलासा त्यानं आजवर कशाचाच केला नव्हता. बथशेबाला वाटलं, म्हातारपणी माणसं ढिली पडतात, त्यातलाच हा प्रकार. तिनं चार टोमणे मारले आणि विषय सोडला. तो मात्र त्या ठशावर जडल्यासारखा बसला. जेवायला तीन-तीन हाका माराव्या लागायच्या. सत्यजीतनं मोबाइलवर नटींचे फोटो पाठवले होते, ते त्यानं एकदाही उघडून बघितले नाहीत. कशावरून कोरता, असं तिनं विचारलं तर म्हणाला, "येतंय हाताला."

ठसा तयार झाला त्या सकाळी त्यानं तो पुसून तिच्या प्रेसपाशी ठेवला आणि खिडकीशी पाठमोरा उभा राहिला. बथशेबानं थाळी भरली, कापड अंथरलं, दांडा ओढला. ठसा उचलला, कापडाचं टोक धरून अलगद सोलून काढलं.

नथ उत्तम उठली होती, तिचे मोतीन्‌मोती मोजून घ्यावेत असे. चंद्रकोर, मुंडावळ्या, सगळं जागच्या जागी. फक्त डाव्या भुवईत एक बारीक फट होती. कापडाला चुणी पडली असणार. तिनं थाळी खरवडून पावडर पुन्हा चाळली, कापड ओढून ताणून बसवलं, पुन्हा दाबलं. पुन्हा तीच फट, तिथेच. मग तिनं थाळी डोळ्यांजवळ नेली आणि नथीखालचा ओठ बघितला, हनुवटी बघितली, कानाची पाळी बघितली. ही मैना होती. विशीतली मैना, चहाचा ट्रे घेऊन आलेली, समोर बसलेल्या माणसाकडे नजर वर न करता उभी असलेली.

"भुवई तुटलीय," ती म्हणाली. आपला आवाज आपल्यालाच ओळखू आला नाही तिला.

इसाजी जवळ आला, थाळी खिडकीच्या उजेडात नेऊन धरली. "तुटली नाही," तो म्हणाला. "तशीच आहे."

दुपारी सत्यजीत आला, त्यानं थाळी बघितली आणि खूश होऊन टाळी वाजवली. मग त्याचीही नजर तिथे गेली. "काका, आयब्रोमध्ये हा कट कसला? तेवढा भरून टाका ना. कस्टमरला डिफेक्ट वाटेल."

"राहील तो," इसाजी म्हणाला.

"अहो पण..."

"राहील. नको असेल तर ठसा ठेवून जा, दुसरीकडून करून घ्या."

बथशेबा प्रेसचा दांडा धरून उभी होती. कमळाची पाकळी लहान कर म्हटल्यावर निमूट लहान करणारा हा माणूस. हा 'नाही' म्हणू शकतो! भुवईतल्या सुताएवढ्या फटीसाठी याला वाचा फुटते, आणि तेव्हा बाबांपुढे याला मान वर करता आली नाही? केली असती तर ती मोकळी झाली असती. भांडून, रडून, दुसऱ्या कुणाच्या तरी घरी गेली असती. तिथे कदाचित कुणी तिच्याशी बोललं असतं. त्याऐवजी हा खाली मान घालून तिला घेऊन आला आणि तीस वर्षं जोपासत बसला दुसरीची भुवई! तिच्या अंगाची लाही लाही झाली.

सत्यजीतनं डोकं खाजवलं, थाळी वाकडी-तिकडी करून बघितली आणि त्याचा चेहरा उजळला. "तसा ट्रेंड आहे काका, पोरी मुद्दाम भुवईत कट मारून घेतात. राहू द्या, मस्त आहे." आणि बथशेबाकडून आणखी दोन थाळ्या दाबून घेऊन तो त्या नमुन्याला घेऊन गेला. म्हणजे आता ही भुवई गावोगावच्या पर्समध्ये जाणार होती.

दुसऱ्या दिवशी इसाजी ठसा पोचवायला कारखान्याकडे निघाला. त्याची पाठ वळताच बथशेबानं उरलेली थाळी डबीत बसवली, पफ घेतला आणि मैनाच्या खोलीत गेली. नवऱ्याला जाब विचारण्यात अर्थ नव्हता. भिंतीला डोकं आपटून भिंतीला काही होत नाही. पण मैनाला दुखवता येत होतं, ते तिला नेहमीच येत होतं. तिनं मैनाला उशीला टेकवून बसवलं आणि डबी तिच्या धडक्या हातात दिली.

"बघ, ओळखतेस का."

मैनानं बराच वेळ बघितलं. तिचे शब्द एकेक करून, घासत बाहेर यायचे. "नथ... छान आहे."

"नथ खड्ड्यात गेली. चेहरा बघ. भुवई बघ."

मैनानं डबी डोळ्यांजवळ नेली. "ही... मी?"

"तूच. तुझ्या भावजींनी कोरलीय."

"इतक्या वर्षांपूर्वीचा चेहरा... कसा आठवला त्यांना?"

हे तिनं इतक्या भाबडेपणानं विचारलं, की बथशेबाचा उरलासुरला तोल गेला. "आठवला म्हणे! विसरलाय कधी तो?" आणि मग जे दाराआड ऐकून तिनं तीस वर्षं दातांखाली दाबून ठेवलं होतं ते भडाभडा ओकून टाकलं. काका काय म्हणाला, बाबा काय म्हणाले, त्यानं मान कशी हलवली. "मुलाला धाकटी पसंत आहे, या शब्दांत! कळलं? तुला मागायला आला होता तो. हे घर तुझं व्हायचं होतं, तो माणूस तुझा व्हायचा होता. आणि बघ कुठे पडलीयस! माझ्याच घरात, माझ्याच हातानं ढुंगण धुवून घेतेस!"

तिनं डबी हिसकावून घेतली, पफ त्या नवरीच्या तोंडावर घासला, भुवईपासून सुरुवात करून, आणि मैनाच्या ओघळलेल्या गालावर थापला. "घे! लाव! आपलंच तोंड आपल्याच तोंडाला लाव!" पुन्हा घासला, पुन्हा थापला. ओठ गेला, हनुवटी गेली. मैनाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि पावडरीत ओघळ पडले. ते बघून बथशेबाला पहिल्यांदा जरा थंड वाटलं. जोर बरोबर लागला होता.

मग तिनं नीट बघितलं. मैनाच्या तोंडाची उजवी बाजू वर चढत होती. ती रडत होती आणि हसत होती.

"खरंच?" मैना म्हणाली. "पसंत आहे... असं म्हणाले? परत सांग ना, ताई."

बथशेबाचा हात हवेतच राहिला.

"मला वाटायचं... माझ्यात काहीतरी खोट आहे. पेणची माणसं गेली ती आलीच नाहीत. मग कुणीच नाही आलं. मी आरशात बघायची आणि शोधायची... काय खोट आहे. कधी सापडली नाही." तिनं श्वास घेतला. "म्हणजे एकानं तरी... मागितलं होतं मला."

बथशेबा पलंगावरून उठायला लागली, तशी मैनानं धडक्या हातानं तिचं मनगट धरलं. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या, ती काहीतरी जुळवत होती.

"आणि तू... दाराआडून ऐकलंस? लग्नाच्या आधी?"

"ऐकलं."

"मग तुला इतकी वर्षं माहीत होतं..." मैनानं बहिणीकडे बघितलं, अगदी निरखून, जसं लहान मूल पडलं की आपण त्याला कुठे लागलं ते बघतो. "ताई गं. म्हणजे तुला कुणी मागितलंच नाही."

यात टोमणा असता तर बथशेबानं व्याजासकट परत केला असता, तो तिचा प्रांत होता. पण मैनाच्या आवाजात कणभरही विष नव्हतं. तिला खरोखरच वाईट वाटत होतं. ती तिचं मनगट कुरवाळत होती, आणि बथशेबाला कधी नव्हे ती लाज वाटली. आपल्याला असं कुणी बघावं यापेक्षा मेलेलं बरं, असं तिला वाटलं. गप्प बसली असती तर हे कुणालाच कळलं नसतं. मैना आपल्यात खोट शोधत मेली असती, इसाजी तोंड मिटून मेला असता, आणि ती देवमाणसाची बायको म्हणून मिरवली असती. तिनं आपल्या हातानं सगळं उघडून त्या पांगळीच्या ओंजळीत टाकलं होतं.

बाहेर कडी वाजली. इसाजी परत आला होता. तो नेहमीसारखा दारातून "बरं आहे ना?" म्हणाला आणि वळणार, तोच त्याची नजर मैनाच्या चेहऱ्याकडे गेली. अर्धा गाल पांढरा, त्यावर पाण्याचे ओघळ, आणि अर्धं तोंड हसणारं. मग त्यानं बथशेबाच्या हातातली पुसलेली डबी बघितली.

"भावजी," मैना म्हणाली, "ताईनं मला सगळं सांगितलं."

इसाजीनं बायकोकडे बघितलं. इतकं सरळ त्यानं तिच्याकडे कधी बघितलं होतं ते तिला आठवेना. आता ओरडेल, असं तिला वाटलं. ओरडावं, हात उगारावा, काहीही करावं, अशी ती मनातल्या मनात गयावया करायला लागली.

"बरं केलंस, बथशेबा," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "मला हे जन्मात जमलं नसतं."

त्याला तिचं इतकं कौतुक कधी वाटलं नव्हतं. मग तो चपला काढून आत आला आणि मैनाच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसला.